इंदूर, बडनगर, पुणतांबे : एका गाण्याची तीन स्टेशने

आपल्या गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत एकदा तरी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गाणे होतेच. कधी शाळकरी मुलींच्या समूहगीतात, कधी ऑर्केस्ट्राच्या शेवटी, तर कधी नुसतेच लाउडस्पीकरवर. निवेदक म्हणतात, “आता ऐकू या लतादीदींचे अजरामर गीत,” आणि मंडपातला गलका आपोआप कमी होतो. मागच्या रांगेत भेळ खाणारी मंडळीसुद्धा जरा सावरून बसतात. या गाण्याची ताकद सांगायला माझी गरज नाही. पण ते पहिल्यांदा कुठे, कोणासमोर आणि कोणत्या परिस्थितीत गायले गेले, त्यामागे कोण कोण उभे होते आणि कोण त्या दिवशी तिथे नव्हतेच, ही हकीकत आमच्या पिढीतल्या पुष्कळांना तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक आहे. यंदा कार्यवाहांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ते तुकडे एकत्र जोडून पाहावेत असे ठरवले.

मी काही संगीतातला जाणकार नाही. पॉलिटेक्निकचा सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन रेल्वेत लागलो आणि रूळ, स्लीपर, खडी यांच्या संगतीत वीस वर्षे गेली. तेव्हा सुरांविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. पण रेल्वेच्या माणसाला नकाशा वाचायची सवय असते. या गाण्याच्या तीन प्रमुख माणसांची गावे मी नकाशावर पाहिली, तेव्हा गंमतच वाटली. तिन्ही गावे रेल्वेच्या लाइनीवर आहेत आणि त्यातली दोन तर आपल्या माळव्यातच!

पहिले स्टेशन इंदूर. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात झाला. वडील मास्टर दीनानाथ गोव्याच्या मंगेशीचे, नाटक कंपनी घेऊन गावोगाव फिरणारे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्यासारख्या मराठी माणसांना याचा अभिमान वाटणे साहजिकच आहे. मध्य प्रदेश सरकारने १९८४ पासून त्यांच्या नावाचा राष्ट्रीय सन्मान सुरू केला, तोही त्यांच्या या जन्मगावाची आठवण ठेवूनच.

दुसरे स्टेशन बडनगर. रतलामहून फतेहाबादमार्गे इंदूरला जाताना लागते ते. जिल्हा उज्जैन. गाणे लिहिणारे कवी प्रदीप इथले. मूळ नाव रामचंद्र नारायणजी द्विवेदी, जन्म ६ फेब्रुवारी १९१५. या लाइनीची मीटर गेजची ब्रॉडगेज होत होती तेव्हा माझी ड्यूटी काही काळ बडनगरला होती. तिथले लोक ‘प्रदीपजी आमचे’ असे ज्या आपुलकीने सांगतात, ती ऐकण्यासारखी आहे.

तिसरे स्टेशन पुणतांबे. दौंड-मनमाड लाइनीवर, गोदावरीच्या काठी, चांगदेवांच्या समाधीचे गाव. शिर्डीची गाडी इथूनच वळते. चाल लावणारे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म या गावी १९१८ साली झाला. ‘अनारकली’, ‘आझाद’, ‘अलबेला’ या चित्रपटांचे संगीत त्यांचे. म्हणजे कवीही रामचंद्र आणि संगीतकारही रामचंद्र! एक माळव्याचा हिंदी भाषक, दुसरा गोदाकाठचा मराठी, आणि दोघांच्या मधोमध इंदुरात जन्मलेली मराठी गायिका.

आता त्या दिवसांकडे वळू. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमा अशा दोन्ही बाजूंनी हल्ला चढवला. महिनाभरात आपली बाजू ढासळली. २१ नोव्हेंबरच्या सुमारास चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. युद्ध थांबले, पण देशाचा जीव थाऱ्यावर नव्हता. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्या घरांत अजूनही ऐकू येते, ते तेव्हापासूनचे. राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. माझे वडील तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. शेजारच्या आजींनी हातातली एक बांगडी दिली आणि एक ठेवली, कारण दोन्ही हात रिकामे करणे त्यांच्या जिवावर आले, असे ते सांगत. अशा लहान लहान गोष्टींवरून त्या काळाची कल्पना येते.

मुंबईच्या चित्रसृष्टीनेही या निधीसाठी दिल्लीत मोठा कार्यक्रम करायचे ठरवले. मेहबूब खान यांचा त्यात पुढाकार होता. तारीख ठरली २७ जानेवारी १९६३, प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. जागा नॅशनल स्टेडियम. इंडिया गेटजवळचे हे स्टेडियम १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धांमुळे देशभर माहीत झालेले होते. आता ते मेजर ध्यानचंद यांच्या नावाने ओळखले जाते.

या कार्यक्रमासाठी सी. रामचंद्रांना नवे गीत हवे होते. ते प्रदीपजींकडे गेले. पुढची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली आहे. प्रदीपजी माहीमच्या समुद्रकिनारी फिरत असताना त्यांना ओळी सुचल्या. जवळ कागद नव्हता, पेनही नव्हते. पेन कोणाकडून तरी मागून घेतले आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फाडून त्यावर ओळी उतरवल्या. अशा गोष्टींना नंतर थोडा मुलामा चढतो हे मान्य. पण मला त्यात खरी वाटते ती घाई. कार्यक्रमाची तारीख पक्की, गाणे अजून कागदावर नाही, आणि गायचे कोणी याचाही पत्ता नाही.

गायचे कोणी, हा प्रश्न साधा नव्हता. सी. रामचंद्र आणि लताबाई यांनी मिळून एकाहून एक सरस गाणी दिली होती, पण त्याआधीची काही वर्षे त्यांच्यात बेबनाव होता आणि एकत्र काम बंद होते. त्यामुळे हे गाणे आशाताई भोसले गाणार असे आधी ठरत होते. प्रदीपजींच्या मनात मात्र लताबाईंचाच आवाज होता. त्यांनी स्वतः जाऊन लताबाईंना गळ घातली. लताबाईंनी मुलाखतींतून सांगितले आहे की, तालमीला वेळ नाही म्हणून त्यांनी आधी नकारच दिला होता. मग दोघी बहिणींनी मिळून गावे असा विचार पुढे आला. पुढे आशाताईंनी जमणार नाही असे कळवले आणि गाणे एकट्या लताबाईंवर आले. सी. रामचंद्र आधीच दिल्लीला निघून गेले होते. त्यांनी दिलेली टेप ऐकत ऐकत लताबाई दिल्लीला पोहोचल्या, तेव्हा त्यांच्या पोटात दुखत होते. पुढे जे गाणे देशाच्या कानात कायमचे बसले, ते अशा धावपळीत उभे राहिले होते!

आमच्याकडे ब्लॉक मिळाला की ठरलेल्या तासा-दोन तासांत रूळ बदलून लाइन मोकळी करून द्यावी लागते. वेळ कमी, माणसे मोजकी, आणि गाडी तर येणारच. अशा वेळी आदल्या दिवशी कोणाचे कोणाशी वाजले होते, हे कोणी आठवत बसत नाही. त्या दोघांचेही तसेच झाले असावे असे मला वाटते. काम मोठे निघाले आणि भांडण बाजूला राहिले.

तो दिवस उजाडला. समोर राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन, पंतप्रधान पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि प्रचंड जनसमुदाय. लताबाईंनी आधी ‘हम दोनों’ चित्रपटातले जयदेव यांनी संगीत दिलेले ‘अल्ला तेरो नाम’ हे भजन गायले. त्यानंतर हे नवे गाणे. समोर बसलेल्या कोणीही ते तोपर्यंत ऐकलेले नव्हते. आज आपल्याला पहिला सूर लागताच पुढचे सगळे आठवते. त्या दिवशीच्या श्रोत्यांना पुढची ओळ काय येणार याची काहीच कल्पना नव्हती, हे लक्षात ठेवून ते गाणे एकदा ऐकून पाहावे.

चालही तशीच आहे. सुरुवातीला ठेका नाही. जणू कोणी चार माणसांना थांबवून शांतपणे काही सांगते आहे. मग हळूहळू लय येते, प्रसंग उलगडतो, आवाज चढतो आणि शेवटी जयघोषात मिसळतो. त्या काळी फिल्मी गाणे तीन-साडेतीन मिनिटांचे असे. हे सहा मिनिटांच्याही पुढे जाते. त्यात शत्रूला शिव्याशाप नाहीत, विजयाची बढाई नाही. तशी बढाई मारण्याजोगे काही घडलेही नव्हते. ज्यांनी प्राण दिले त्यांची आठवण ठेवा, एवढेच मागणे आहे. सीमेवर पडलेला जवान कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा, हा हिशेब तिथे संपतो, हेही त्यात सांगितले आहे. हरलेल्या देशाला मान वर करायची असेल तर ती आधी या मृतांपुढे झुकवली पाहिजे, असा त्याचा अर्थ मला लागतो.

गाणे संपले आणि लताबाई मागे येऊन बसल्या. मेहबूब खान त्यांना शोधत आले आणि पंडितजी बोलावताहेत म्हणाले. आपले काही चुकले की काय, असे त्यांना वाटले. समोर गेल्यावर पंडितजींनी, तुझ्या गाण्याने आज मला रडू आले, असे सांगितले. ही आठवण लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितली. नेहरूंच्या त्या अश्रूंविषयी खूप लिहिले गेले आहे. मला त्यातला एकच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ते नुसते श्रोते नव्हते. ज्या धोरणांचा हिशेब देश त्या दिवसांत मागत होता, ती त्यांचीच होती. गाण्यात ज्या जवानांची आठवण काढली होती, त्यांना सीमेवर उभे करणाऱ्या सरकारचे ते प्रमुख होते. त्यानंतर बरोबर सोळा महिन्यांनी, २७ मे १९६४ रोजी, त्यांचे निधन झाले.

आता त्या दिवशी तिथे कोण नव्हते ते पाहू. सर्वांत पहिले म्हणजे स्वतः कवी प्रदीप. ज्यांनी शब्द लिहिले आणि ज्यांनी धावपळ करून गायिका मिळवली, त्यांना त्या कार्यक्रमाचे निमंत्रणच नव्हते! दिल्लीत स्टेडियम हेलावले तेव्हा ते मुंबईत होते. नंतर नेहरू मुंबईला आले असताना एका कार्यक्रमात प्रदीपजींनी त्यांना हे गीत स्वतः म्हणून दाखवले आणि आपल्या हस्ताक्षरातली प्रत दिली. पण २७ जानेवारी ती गेलीच.

आणि दुसरे म्हणजे ज्यांच्यासाठी हे गाणे होते ते जवान. लडाखमधल्या चुशूलजवळच्या रेझांग ला या खिंडीत १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी मेजर शैतानसिंह यांच्या हाताखाली लढली. उंची १६,००० फुटांहून अधिक, हाडे गोठवणारी थंडी, आणि मधल्या डोंगरामुळे आपल्या तोफखान्याची मदत नाही. सुमारे १२० जवानांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले. त्यातले बहुतेक हरियाणातल्या रेवाडी परिसरातले अहिर. या लढाईने प्रदीपजी हेलावून गेले होते असे सांगितले जाते. मेजर शैतानसिंह यांचे पार्थिव सापडले ते १९६३ च्या फेब्रुवारीत. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आता तारखा जुळवून पाहा. दिल्लीत २७ जानेवारीला हे गाणे झाले, तेव्हा मेजरसाहेब रेझांग लाच्या बर्फातच होते. शेवटच्या क्षणी जे जिथे होते ते तिथेच, कित्येकांच्या हाती हत्यार तसेच, असे नंतर तिथे गेलेल्यांना दिसले.

ही गोष्ट कळल्यापासून हे गाणे मला पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

आमच्या रेल्वेत सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ लोक गेटमन म्हणून लागतात. बडनगर भागात असताना माझ्या हाताखाली असे एक गेटमन होते. सव्वीस जानेवारीला फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर हे गाणे लागले. आम्ही सगळे ऐकत होतो. ते मात्र चहाचा ग्लास अर्धा टाकून फाटकाकडे निघून गेले. गाडीला अजून वेळ होता. नंतर विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले की, गाणे फार चांगले आहे, पण ज्याने असे एखादे घर पाहिलेले असते, त्याला ते पूर्ण ऐकवत नाही. पुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

‘असे एखादे घर’ म्हटले की या गाण्याच्या इतिहासातला आणखी एक भाग सांगितलाच पाहिजे. गाण्याशी संबंधित मंडळींनी मानधन घेतले नव्हते. प्रदीपजींची इच्छा अशी होती की, गाण्याच्या रॉयल्टीचे पैसे युद्धात मरण पावलेल्या जवानांच्या विधवांच्या निधीला जावेत. विचार किती सुंदर! गाणे घरोघरी वाजले. रेकॉर्ड गेली, कॅसेट आली, सीडी आली. शाळा, कचेऱ्या, चौक, सगळीकडे ते ऐकू येऊ लागले. आणि तरीही २५ ऑगस्ट २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला ध्वनिमुद्रिका कंपनीला सांगावे लागले की, थकलेल्या रॉयल्टीपोटी १० लाख रुपये त्या निधीत भरा. प्रदीपजी तोपर्यंत हयात नव्हते. ११ डिसेंबर १९९८ रोजी ते गेले, त्याआधी त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला होता. सी. रामचंद्र तर ५ जानेवारी १९८२ रोजीच गेले होते. म्हणजे विधवांसाठी दिलेला शब्द पाळला जावा म्हणून ४२ वर्षांनी कोर्टाला हुकूम द्यावा लागला. आपण डोळे लगेच पुसतो, हिशेब मात्र सावकाश करतो. हे वाक्य कोणा एकाला उद्देशून नाही, आपल्या सर्वांनाच आहे.

हे फिल्मी गाणे नाही, हेही विसरू नये. पडद्यावर त्याला कोणत्याही नायिकेचा चेहरा मिळाला नाही. कोणता चित्रपट चालला म्हणून ते चालले, असेही नाही. केवळ आवाज, शब्द आणि चाल यांवर ते साठ वर्षांहून अधिक काळ टिकले. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात सैन्याच्या बँडने ही धून वाजवली. त्यानंतर आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, लताबाई गेल्या. तारीख पुन्हा वाचा. ६ फेब्रुवारी, म्हणजे कवी प्रदीप यांचा जन्मदिवस. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये असे आम्हा इंजिनिअर लोकांना वाटते, पण हा योगायोग मनातून जात नाही.

आता कार्यकारिणीला आणि विशेषतः आपल्या निवेदक मंडळींना एक विनंती. यंदा हे गाणे सुरू होण्याआधी तिन्ही नावे घ्यावीत : गीत कवी प्रदीप, संगीत सी. रामचंद्र, स्वर लता मंगेशकर. पंधरा सेकंदांचे काम आहे. आणि चौथे वाक्य रेझांग लाच्या जवानांसाठी असावे. आपला मंडप उभारणारे, विजेच्या माळा लावणारे, पहाटे उठून नैवेद्याचा स्वयंपाक करणारे, विसर्जनानंतर मैदान झाडणारे, यांचीही नावे आपण समारोपाच्या दिवशी घेऊ शकलो तर फारच उत्तम. रोज पहाटे हातात हातोडी घेऊन सहा-सहा किलोमीटर रूळ तपासत चालणाऱ्या कीमनचे नाव गाडीतल्या कोणालाही माहीत नसते, पण गाडी सुखरूप जाते ती त्याच्यामुळे. आमच्या खात्यात हे रोज दिसते, म्हणून सुचले.

आणि शक्य असेल तर ज्या संध्याकाळी हे गाणे होईल, त्या संध्याकाळची आरतीच्या ताटातली दक्षिणा सैनिक कल्याण निधीला पाठवावी. रक्कम लहान असेल, हरकत नाही. पावती मात्र फलकावर लावावी.

गणपती बाप्पा मोरया!

— समितीचा एक सभासद,
सीनिअर सेक्शन इंजिनिअर (पी-वे), रतलाम